वॉरंटी संपलेला गिझर आणि घरातील ज्येष्ठ

ठाणे, कल्याण वा डोंबिवलीच्या घरांत खोली तापवण्याची व्यवस्था नसते, तिची गरजही नसते. आपल्याकडे घरात ऊब करायची म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायचे. वाड्यांत आणि चाळींत एके काळी हे काम तांब्याचा बंब करीत असे. त्याच्या पोटातील नळीत कोळसा, ढलप्या किंवा शेण्या पेटत, पाणी तापे आणि निखारे विझले की तापणे आपोआप थांबे. घंगाळात काढलेल्या कढत पाण्यात घरातील वडीलधारी स्त्री विसण घालीत असे आणि कोपर बुडवून अंदाज घेतल्यावरच लहानांना व म्हाताऱ्यांना नहाणीत बोलावीत असे. बंब गेला आणि भिंतीवर विजेचा गिझर आला. विजेचे निखारे विझत नाहीत. त्यामुळे ‘आता पुरे’ म्हणण्याचे काम एका लहानशा सुट्या भागाकडे गेले. त्याचे नाव थर्मोस्टॅट.

हा भाग आतून अगदी साधा आहे. अनेक गिझरमध्ये पितळेची एक बारीक नळी टाकीच्या पाण्यात बुडालेली असते आणि तिच्या आत ‘इन्व्हार’ नावाच्या मिश्रधातूची काडी असते. पितळ उष्णतेने लांबते, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. या फरकामुळे ठरावीक तापमानाला आतील खटका सुटतो व वीज तुटते. पाणी निवले की खटका पुन्हा बसतो. (या इन्व्हारच्या शोधासाठी शार्ल एदुआर्द ग्योम यांना १९२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या न्हाणीघरात नोबेलचा एक तुकडा टांगलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.) थर्मोस्टॅटने दगा दिलाच तर पाणी उकळण्यापूर्वी वीज तोडणारा ‘थर्मल कटआउट’ असतो. तोही चुकला तर वाढलेला दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. असे हे तीन पहारेकरी एकामागे एक उभे असतात.

थर्मोस्टॅट दोन प्रकारे बिघडतो. खटका कायमचा सुटून राहिला तर पाणी तापतच नाही. घरात कुरबुर होते, आंघोळी लांबतात, पण कोणाला इजा होत नाही. खटक्याची टोके ठिणग्यांनी भाजून एकमेकांना चिकटली, तर मात्र वीज तुटतच नाही आणि पाणी तापतच राहते. पहिल्या बिघाडाची तक्रार त्याच सकाळी होते. दुसरा बिघाड पुष्कळदा ‘हल्ली पाणी छान कडक येते’ अशा कौतुकाखाली दिवसेंदिवस झाकला जातो. ज्येष्ठांच्या दृष्टीने जीवघेणा आहे तो हाच.

याचे कारण शरीरात आहे. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली उष्णता व त्वचा यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही आधारभूत मानला जातो. प्रौढ माणसाची त्वचा खोलवर भाजायला ४९ अंश सेल्सियसच्या पाण्याला साधारण नऊ-दहा मिनिटे लागतात, ५५ अंशांना सुमारे अर्धे मिनिट, आणि ६० अंशांना अवघी पाच सेकंदे. अकरा अंश वाढताच मिनिटांची सेकंदे होतात. वृद्धांची त्वचा पातळ असते, म्हणून त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. त्यातच दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांची संवेदना मंदावली असेल तर चटका बसल्याचे कळायलाच उशीर होतो. गुडघे धरलेल्या, अर्धांगवायूतून उठलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ते कळले तरी नळाखालून झटकन सरता येत नाही. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर फार गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि स्टुलावरून उठताना भोवळ येते.

कोणी भाजलेच, तर त्या भागावर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. भाजलेल्या भागाखेरीज उरलेले अंग कोरड्या कपड्याने झाकून उबदार ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. तळहाताएवढा भाग भाजला असेल, फोड आले असतील किंवा रुग्ण मधुमेही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मोठ्या भाजण्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बिघाड ओळखण्यासाठी यंत्रज्ञान येण्याची गरज नाही, घड्याळ पुरे. दोन किलोवॉटचा, पंधरा लिटरचा गिझर हिवाळ्यात पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला साधारण वीस मिनिटे घेतो, पंचवीस लिटरचा अर्ध्या तासाच्या आसपास. एवढ्या वेळात नळ उघडला नसेल तर गिझरचा दिवा विझायला हवा. तासाभरानेही तो पेटलेलाच असेल आणि पाणी कढत असेल, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. दिवा पेटूनही पाणी गारच असेल तर दोष बहुधा तापवणाऱ्या कॉइलचा असतो. नळातून वाफ येणे, टाकीतून खदखद ऐकू येणे, सेफ्टी व्हॉल्व्हमधून सतत गरम पाणी ठिबकणे ही पुढची लक्षणे. अशा वेळी कोरड्या हाताने न्हाणीघराबाहेरचा स्विच बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ उघडण्याची घाई करू नये. टाकी काही तास तशीच निवू द्यावी.

आपल्या भागात हे भाग लवकर थकतात, त्याला पाणी बरेच कारणीभूत आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवलीला मिळणारे महापालिकेचे पाणी प्रामुख्याने उल्हास व भातसा नद्यांच्या खोऱ्यांतले, म्हणजे तुलनेने मृदू असते. परंतु घोडबंदर रस्त्यावरील कित्येक संकुलांत आणि डोंबिवलीच्या वाढत्या टोकांना टँकरचे किंवा बोअरचे पाणी त्यात मिसळते. बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा थर कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर बसतो. मग नळीला पाण्याचे खरे तापमान उशिरा कळते आणि कॉइल विनाकारण तापत राहते. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा अॅनोडही अशा पाण्यात लवकर झिजतो. ज्या इमारतीत टँकर नेहमीचा आहे, तिथे वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीपूर्वी, गिझर उघडून साफ करून घेणे हा खर्च नव्हे.

वॉरंटीचे वेळापत्रकही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुष्कळ कंपन्या टाकीला पाच-सात वर्षांची, कॉइलला त्याहून कमी आणि उरलेल्या भागांना, म्हणजे थर्मोस्टॅटलाही, सर्वांत कमी मुदतीची वॉरंटी देतात. त्यामुळे कार्डावर ठळक छापलेला आकडा टाकीचा निघतो आणि नेमका बिघडलेला भाग मुदतीबाहेर असतो. मूळ कार्ड एकदा नीट वाचावे. मुदत संपली असली तरी हताश होण्याचे कारण नाही. थर्मोस्टॅट हा काही शे रुपयांचा भाग आहे. टाकी गळत नसेल तर केवळ त्यासाठी नवा गिझर घेण्याची गरज नसते. टाकीच गळू लागली असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नयेत.

खरा धोका इथेच उभा राहतो. नाक्यावरचा मेकॅनिक येतो, गिझर उघडतो आणि म्हणतो, ‘आजोबा, पार्ट मिळायला चार दिवस लागतील. तोवर डायरेक्ट करून देतो.’ डायरेक्ट करणे म्हणजे थर्मोस्टॅट, आणि कधी कटआउटसुद्धा, वगळून तारा थेट जोडणे. पाणी तापते, दीडशे-दोनशे रुपयांत काम होते, आजोबा आशीर्वाद देतात. पण तीन पहारेकऱ्यांपैकी दोघांना घरी पाठवलेले असते आणि तिसरा, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, क्षारांनी बुजला आहे की नाही हे कोणी पाहिलेले नसते. अशा बंद टाकीत पाणी उकळून दाब वाढला तर ती फुटू शकते. तेव्हा डायरेक्ट जोडणीला एका दिवसासाठीही होकार देऊ नये. मेकॅनिक कितीही ओळखीचा असला तरी नाही.

मग ते चार दिवस काय करावे? बादलीत सोडायचा हीटर रॉड ज्येष्ठांच्या घरात आणूच नये. रॉड चालू असताना पाण्यात हात घालून पाहण्याची सवय जुनी आहे आणि त्याच सवयीने माणसे दगावतात. खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर तात्पुरता लावणेही तितकेच घातक, कारण त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरात पातेलेभर पाणी तापवून सोसवेल तसे अंग पुसून घ्यावे. कढत पातेले उचलून नेण्याचे काम मात्र घरातील धडधाकट माणसाने करावे. चार दिवस डोक्यावरून पाणी न घेतल्याने आरोग्याचे काहीही बिघडत नाही, हे आजीला पटवणे कदाचित थर्मोस्टॅट मिळवण्याहून कठीण जाईल.

दुरुस्तीसाठी कंपनीचा क्रमांक गिझरवरील पट्टीवरून किंवा वॉरंटी कार्डावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ भामट्यांचा असू शकतो. समोरचा माणूस ओटीपी, आगाऊ दहा रुपये किंवा मोबाइलवर एखादे अॅप मागू लागला की फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर ताबडतोब कळवावे. मुले पुण्यात वा परदेशात आणि आईवडील डोंबिवलीत एकटे, अशी घरे आता घरटी दिसतात. तिथे कारागीर येण्याच्या वेळी शेजाऱ्यांपैकी कोणालातरी बसवून घ्यावे. बसवलेला भाग त्याच मॉडेलचा, त्याच क्षमतेचा हवा. बिलावर भागाचे नाव, दुरुस्तीची तारीख आणि त्या भागाची हमी लिहून घ्यावी. जुना भाग परत मागून ठेवावा.

हे कागद का जपायचे, ते कायद्यात आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ‘सेवा’ आहे. तीत त्रुटी राहिली तर गिझरची वॉरंटी संपली होती, हा बचाव पुरेसा ठरत नाही. सदोष उत्पादनामुळे इजा झाल्यास उत्पादकाच्या जबाबदारीचे वेगळे प्रकरणच या कायद्यात आहे. पण उत्पादनात फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्धचा असा दावा चालत नाही. डायरेक्ट केलेला गिझर म्हणजे असाच फेरफार. पहिली पायरी म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे न निभावल्यास ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, ही ज्येष्ठांच्या सोयीची मोठी गोष्ट.

मेकॅनिक घरात असतानाच आणखी एक काम उरकून घ्यावे. जुन्या तीन-चार मजली इमारतींत अर्थिंग नावापुरतेच असते. ते तपासायला सांगावे आणि तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावा. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी असते, म्हणून हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करावे. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

नवा थर्मोस्टॅट बसल्यावर पहिल्या दिवशी ज्येष्ठांनी आधी आंघोळ करू नये. दिवा किती मिनिटांत विझतो ते पाहावे आणि पहिली बादली घरातील तरुण माणसाने वापरावी. पाणी साठ अंशांपर्यंत तापू द्यावे. साठवलेले पाणी सतत कोमट राहिले तर त्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात. तापल्यावर मात्र गिझर बंद करून मगच आंघोळीला बसावे. बादलीत जुन्या रीतीने गरम पाण्यावर विसण घालू नये, आधी गार पाणी घेऊन त्यात गरम सोडावे. अंगावर घेण्याचे पाणी ३८ ते ४० अंश पुरे. साधा पाण्याचा थर्मामीटर नसेल तर कोपर आहेच, फक्त तो मधुमेही माणसाचा नसावा. आणि न्हाणीघराची कडी आतून लावू नये. दार लोटून घ्यावे, बाहेर कोणीतरी ऐकण्याच्या अंतरावर असावे.