नांव, क्रमांक आणि जुनी टिपणवही

वऱ्हाडांतील अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले हीं दोन गांवें आमच्या वाचकांस ठाऊक असतीलच. पाकिटावर घाईनें नांव अपुरें लिहिलें, तर इकडचें पत्र तिकडे जाण्याचें भय असतें. ही अडचण टाळण्यासाठींच टपालखात्यानें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिनकोड सुरू केला. अकोल्याच्या मुख्य कचेरीचा क्रमांक ४४४००१, अमरावतीचा ४४४६०१. मनुष्यास नांव सोयीचें, परंतु पत्र पोंचविणारास क्रमांक हवा. संगणकांच्या जाळ्यांतही हाच न्याय चालतो.

आमच्या संगणकशाळेंत वीस यंत्रें आहेत. शाळेच्या सर्व फाइली ज्या यंत्रावर असतात तें पुस्तकांच्या दालनांत असून त्याचें नांवही 'ग्रंथालय' असेंच ठेविलें आहे. गतवर्षीं दहावीच्या परीक्षेपूर्वीं प्रवेशपत्रें छापावयाचीं होतीं, आणि नेमकें त्याच सकाळीं आठ यंत्रांस 'ग्रंथालय' सांपडेना. उरलेल्या बारांवर मात्र तें सुरळीत उघडत होतें. आदल्या सायंकाळीं त्या आठांपैकीं एकावर नववींतील एक विद्यार्थी बसला होता. झालें! त्यानेंच कांहीं तरी बिघडविलें असा बोभाटा झाला. मुलगा रडकुंडीस आला, व त्याच्या वडिलांस शाळेंत बोलावणें गेलें. दोष देण्यापूर्वीं शोध करावा, असें आम्हीं ठरविलें.

शोधाची रीत समजण्यास प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, संगणक एखाद्या नांवाचा क्रमांक तीन ठिकाणीं शोधतो. पहिलें ठिकाण त्याची स्वतःची टिपणवही. तिला 'होस्ट्स' फाइल म्हणतात. तींत नांव सांपडलें तर तो पुढें विचारीतच नाहीं. दुसरें ठिकाण नामसेवक, म्हणजे नांवांची यादी संभाळणारें यंत्र. लहान शाळेंत हें काम बहुधा राउटरच करितो. तिसरा उपाय पुकाऱ्याचा: "ग्रंथालय कोण?" असें सर्वांस विचारावें, व ज्याचें नांव असेल त्यानें उत्तर द्यावें. 'डॉट लोकल' असा शेवट असणारीं नांवें २०१३ सालापासून अशा पुकाऱ्यासाठींच राखून ठेविलीं आहेत.

आरंभीं जगांतील संगणक थोडे होते, तेव्हां सर्वांची एकच यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवीत, आणि जो तो तिची नक्कल उतरून घेई. यंत्रें वाढलीं, नकला जुन्या पडूं लागल्या. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नामसेवकांची पद्धति रचिली. होस्ट्स फाइल ही त्या जुन्या यादीचीच आठवण होय.

आतां आमचा शोध. प्रथम आम्हीं 'ग्रंथालय' यंत्रासमोर बसून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली. त्याचा क्रमांक १९२.१६८.१.२३ असा निघाला. मग बिघडलेल्या एका यंत्रावरून त्याच क्रमांकास 'पिंग' आज्ञेनें हाक मारिली. तात्काळ उत्तर आलें. अर्थात् तारा शाबूत होत्या. दोष नांवांत होता. नंतर तीच हाक नांवानें मारिली, तों यंत्र १९२.१६८.१.१० ह्या भलत्याच क्रमांकाकडे धांवलें. 'एनएसलुकअप' ही आज्ञा होस्ट्स फाइल न पाहतां थेट नामसेवकास विचारते. तिनें मात्र २३ हाच बरोबर क्रमांक सांगितला. म्हणजे नामसेवक निर्दोष ठरला. संगणक मागील उत्तरें कांहीं काळ स्मरणांत ठेवितो, म्हणून 'फ्लशडीएनएस' आज्ञेनें तें स्मरणही पुसून पाहिलें. तरी तोच जुना क्रमांक! आतां शिल्लक राहिली ती टिपणवही. ती उघडली, आणि तींत 'ग्रंथालय' ह्या नांवापुढें १० हा क्रमांक लिहिलेला आढळला.

उलगडा असा झाला. पूर्वीं कोणीं तरी सोयीसाठीं त्या आठ यंत्रांत ही ओळ लिहून ठेविली होती. रात्रीं वीज गेली. पुन्हां सुरू होतांना राउटर आपली वांटणी विसरला व त्यानें 'ग्रंथालया'स नवा क्रमांक दिला. बारा यंत्रांनीं विचारून घेतलें. आठ यंत्रें जुन्या टिपणावर विसंबून राहिलीं. त्या फाइलींत शेवटचा बदल झाल्याची तारीख तीन वर्षांपूर्वींची होती, आणि तेव्हां तो मुलगा आमच्या शाळेंत दाखलही झाला नव्हता!

आम्हीं त्या ओळी पुसल्या, व राउटरमध्यें 'ग्रंथालया'साठीं एक क्रमांक कायमचा राखून ठेविला, म्हणजे वीज गेली तरी तो बदलूं नये. दुपारपर्यंत प्रवेशपत्रें छापून झालीं. वडील आले तेव्हां त्यांच्यापुढें तक्रार नव्हे, तर दिलगिरी मांडण्यांत आली. आणि ज्यांनीं मुलावर संशय घेतला होता त्यांनींच ती मांडली.

घरीं छपाईयंत्र सांपडेनासें झालें, तर विद्यार्थ्यांनीं हाच क्रम ठेवावा: आधीं क्रमांकानें हाक, मग नांवानें, मग नामसेवकास प्रश्न, मग स्मरण पुसणें, आणि शेवटीं टिपणवही. एका वेळीं एकच गोष्ट तपासावी, व आढळलें तें लिहून ठेवावें. जुन्या टिपणावर विसंबून चुकीच्या दारीं जाणें हा दोष यंत्रांचाच आहे असें नाहीं. त्या सकाळीं आम्हां माणसांकडूनही तोच घडला होता.