ड्रोन उडवायचा, तर दाखला हवा

मंडळी, ड्रोन आता आपल्या जिल्ह्यात नवा राहिलेला नाही. लग्नाच्या मांडवावर तो घिरट्या घालतो. उसावर, डाळिंबावर औषध फवारतो. पाठीवर पंप घेऊन एकरभर फवारायचे म्हटले, तर माणसाचा अर्धा दिवस जातो. ड्रोन तेच काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. उंच उसात शिरावे लागत नाही. अंगावर औषध उडत नाही.

काम चांगले, पण हे यंत्र खेळणे नव्हे. टाकी भरली की फवारणीच्या ड्रोनचे वजन वीस-पंचवीस किलोवर जाते. त्याची पाती गरगर फिरत असतात. तो कोणाच्या डोक्यावर कोसळला तर? वाऱ्याने औषध शेजाऱ्याच्या घासावर गेले तर? तो घास गाय खाणार, आणि तिचे दूध लेकरे पिणार. म्हणून सरकारने नियम केले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम २०२१’ जाहीर झाले. ते काय सांगतात, ते पाहू या.

नंबर ड्रोनचा, दाखला माणसाचा

मोटारसायकल घ्या. गाडीला नंबर असतो. चालवणाऱ्याजवळ लायसन असते. गाडी विकली म्हणून लायसन विकले जात नाही. ड्रोनचेही तसेच आहे.

ड्रोनची सरकारकडे नोंद करावी लागते. मग त्याला नंबर मिळतो. नंबर कशाला? २०२४ च्या जून-जुलैत पुणे, बीड भागातल्या गावांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आल्या. लोक घाबरले. रात्र-रात्र जागू लागले. ड्रोन कोणाचा, कशासाठी आला, हे कळेना. तेच भीतीचे मूळ होते. नंबर असला, की मालक सापडतो. मालक सापडला, की जाब विचारता येतो.

ड्रोन विकत घेताना म्हणूनच जपावे. सरकारने मंजूर केलेल्या बनावटीचाच घ्यावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोन आणायला सरकारने बंदी घातली. कोणी स्वस्तात चोरटा माल गळ्यात मारील. त्याला नंबर मिळणार नाही. मग पैसेही गेले आणि ड्रोनही घरात पडून राहिला.

आता माणसाचा दाखला. लोक त्याला लायसन म्हणतात. कागदावर त्याचे नाव ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ असे असते. पायलट म्हणजे वैमानिक. हा वैमानिक जमिनीवर उभा राहून यंत्र उडवतो, एवढेच.

दाखला कोणाला लागतो?

ते ड्रोनच्या वजनावर आहे. पाव किलोपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हणतात. तो उडवायला दाखला लागत नाही. पाव किलोच्या वर दोन किलोपर्यंतचा तो ‘मायक्रो’. हौसेसाठी उडवला, तर दाखला नको. पण पैसे घेऊन लग्नाचे चित्रण केले, की तो धंदा झाला. मग दाखला हवाच. दोन किलोच्या वरच्या सगळ्या ड्रोनना दाखला लागतो. फवारणीचे ड्रोन त्यातच येतात.

नियम मोडला, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका हंगामाची कमाई त्यात जाईल.

दाखला मिळतो कसा?

वय १८ वर्षे पुरे हवे, आणि ६५ च्या पुढे नको. दहावी पास हवे. सरकारमान्य ड्रोन शाळेत शिक्षण घ्यायला हवे. पूर्वी पासपोर्ट मागत. खेड्यातल्या माणसाने पासपोर्ट कोठून आणावा? २०२३ साली ती अट काढली. आता सरकारने दिलेले ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो.

शिक्षण साधारण आठवडाभराचे असते. आधी नियम, वारा आणि हवामान शिकवतात. मग संगणकाच्या पडद्यावर खोटा ड्रोन चालवायला देतात. तो आपटला, तरी नुकसान नाही. हात बसला, की मैदानात खरा ड्रोन. शेवटी परीक्षा. पास झालात, की दाखला. तो १० वर्षे चालतो. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही या शिक्षणाची सोय झाली आहे. फी किती, राहण्याची सोय काय, हे आधी विचारून जावे. आणि शाळेला सरकारची मान्यता आहे ना, तेही पाहावे. दलालाला पैसे देऊन घरबसल्या आणलेला दाखला खोटाच समजा.

दहावी झाली नाही, म्हणून खचू नका. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. जवळच्या हायस्कुलात चौकशी करा. शाळा सुटलेल्या कितीतरी मुली-सुनांनी अशी दहावी केली आहे.

बायकांना हे काम जमेल का, असे कोणी विचारील. का नाही जमणार? २०२३ साली केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना काढली. देशातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरवले. किमतीच्या दर शंभर रुपयांत ८० रुपये सरकारचे, मात्र ८ लाखांपर्यंतच. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचे शिक्षण.

कोठे उडवावा?

सरकारने आकाशाचा नकाशा केला आहे. त्यात तीन रंग आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमानांवर देखरेख करणाऱ्यांची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उडवताच येत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे फार जपावे. काकडीला शिर्डीचे विमानतळ आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत आपल्या शेतातसुद्धा परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मुभा आहे. नगरजवळ लष्कराची छावणी आहे. के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. तिकडे ड्रोन नेऊच नये. जमीन आपली असली, तरी वरचे आकाश सगळ्यांच्या वाटेचे आहे. नकाशा बदलतो, म्हणून दर वेळी तो पाहावा.

ड्रोनवाला बांधावर आला, तर

तुम्ही स्वतः ड्रोन उडवणार नसाल. पण भाड्याने तर बोलवाल? मग एवढे विचारा.

१. तुमचा दाखला दाखवा.
२. ड्रोनचा नंबर कोणता?
३. विमा आहे का? ड्रोनने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते कोण भरून देणार?
४. फवारणीची वर्दी ग्रामपंचायतीला २४ तास आधी दिली का?

नुसत्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. कागद हातात घ्या. त्यावरचे नाव वाचा, तारीख वाचा. नंबर ड्रोनवरच्या नंबराशी ताडून पाहा. शेजाऱ्याला सांगा, की गुरे आणि पोरे लांब ठेव. वारा जोराचा असेल, तर फवारणी उद्यावर टाका.

आता तुम्हाला वाचता येते. कागद न पाहता अंगठा उठवायचे दिवस गेले. हा कागद तर आपल्या डोक्यावरून उडणाऱ्या यंत्राचा आहे. तो नीट वाचूनच यंत्र वर जाऊ द्या.