इव्हेंट हँडलरला जादा माहिती कशी पुरवावी?

डेस्कटॉप प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकात फॉर्मवर बटने मांडण्यापर्यंत विद्यार्थी सहज पोहोचतात. खरी अडचण पुढे येते. समजा, वर्गाच्या हजेरीचा फॉर्म करावयाचा आहे. ४० विद्यार्थ्यांची ४० बटने आहेत आणि ज्याचे बटन दाबले जाईल त्याचीच हजेरी लागली पाहिजे. यासाठी ४० हँडलर लिहिणे शहाणपणाचे नाही. हँडलर एकच हवा. मात्र हजेरी क्रमांक त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

सी शार्प भाषेत विंडोज फॉर्म्स वापरताना क्लिक या इव्हेंटच्या हँडलरला दोनच पॅरामीटर मिळतात. सेंडर म्हणजे इव्हेंट ज्याच्यामुळे घडला तो घटक आणि इव्हेंटआर्ग्ज म्हणजे त्या इव्हेंटचा तपशील. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवली पाहिजे. हँडलर लिहितो प्रोग्रामर, पण त्याला बोलावते बटन. बटनाला हजेरी क्रमांकाची कल्पना नसते, म्हणून हँडलरला तिसरा पॅरामीटर वाढवून तो जोडू गेल्यास कंपायलर नकार देतो.

काही विद्यार्थी जोडतानाच हँडलरच्या नावापुढे कंसात ५ लिहितात. कंस दिला की फंक्शन जोडले जात नाही, तर त्याच क्षणी चालवले जाते. सी शार्पमध्ये ही चूक कंपायलर पकडतो. पायथनच्या टीकेइंटरमध्ये मात्र खिडकी तयार होतानाच हजेरी लागते आणि नंतर बटन दाबले तरी काहीच घडत नाही.

माहिती पोहोचवण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग टॅगचा. प्रत्येक बटनाच्या टॅग या गुणधर्मात हजेरी क्रमांक ठेवावा. हँडलरमध्ये सेंडरचे बटन या प्रकारात रूपांतर करून टॅग वाचावा. टॅगचा प्रकार ऑब्जेक्ट असल्याने त्याचेही पूर्णांकात रूपांतर करावे लागते.

दुसरा मार्ग लॅम्डाचा. सी शार्पमध्ये ही सोय २००७ साली तिसऱ्या आवृत्तीत आली. दोन पॅरामीटर घेणारा छोटा लॅम्डा बटनाला जोडावा आणि त्याच्या आत आपले फंक्शन हजेरी क्रमांक देऊन बोलवावे.

तिसरा मार्ग स्वतःच्या इव्हेंटचा. इव्हेंट आपल्याच क्लासमधून निघत असेल, तर इव्हेंटआर्ग्जपासून नवा क्लास तयार करून त्यात हवी ती माहिती ठेवता येते.

लॅम्डाच्या मार्गावर एक खड्डा आहे. १ ते ४० असा फॉर लूप चालवून लॅम्डात थेट लूपचा चल वापरला, तर कोणतेही बटन दाबले तरी क्रमांक ४१ मिळतो. कारण लॅम्डा चलाची त्या वेळची किंमत साठवत नाही, तो चलच धरून ठेवतो. आणि लूप संपताना त्या चलात ४१ असतात. उपाय सोपा आहे. लूपच्या आत नवा चल घोषित करून त्यात किंमत उतरवावी आणि लॅम्डात तो वापरावा. २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत फॉरइच लूपपुरता हा दोष दूर झाला. फॉर लूपचे वर्तन तसेच राहिले. पायथनमध्येही असाच अनुभव येतो. तेथे लॅम्डाच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून किंमत देऊन ठेवावी.

आणखी एक पथ्य. जोडलेला लॅम्डा पुढे काढावयाचा असेल, तर तो आधीच एका चलात ठेवावा. तोच मजकूर पुन्हा लिहून तो निघत नाही.

या चुकीत प्रोग्राम बंद पडत नाही किंवा तक्रारही करत नाही. तो फक्त एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर करतो. हजेरी, फी किंवा गुणांच्या नोंदीत हे परवडणारे नाही. म्हणून प्रात्यक्षिक तपासताना अध्यापकांनी एकच बटन दाबून समाधान मानू नये. पहिले, मधले आणि शेवटचे अशी तीन बटने दाबून पाहावीत.