गुणाकारात लसावि कशाला?

‘सर, आधी छेद सारखे करायचे ना?’ अष्टमी गावातली मुलं विचारतात, कुंडलिका नदीच्या पुलावरून रोह्याकडून येणारी विचारतात, आणि हल्ली घरून पालकही तेच शिकवून पाठवतात. नाही. गुणाकारात छेद सारखे करायचे नसतात. लसावि लागतो तो बेरजेत आणि वजाबाकीत.

फळ्यावरचं गणित घ्या: (२/३)क्ष²य × (३/४)क्षय³. अर्धा वर्ग लगेच लसावि काढून सहगुणक ८/१२ आणि ९/१२ असे लिहितो. इथवर चूक नाही, नुसती हमाली आहे. मग अंश गुणून ७२, आणि बेरजेच्या सवयीनं खाली एकदाच १२. सहगुणक आला ६! खाली १२ × १२ = १४४ लिहिलं असतं तर ७२/१४४, म्हणजे १/२ आलं असतं. बारापट चूक, आणि वहीत पायऱ्या मात्र कशा सुवाच्य!

बेरजेत आपण तुकडे मोजतो, म्हणून ते एका मापाचे लागतात. गुणाकारात भागाचा भाग घ्यायचा असतो. पाऊण एकर भातशेती म्हणजे ३० गुंठे. तिचे दोन तृतीयांश २० गुंठे, अर्धा एकर. बांधावर उभा राहून लसावि काढणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. गुणाकारानं उत्तर वाढतंच, हा समजही इथेच निकालात निघतो. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या आजोबांना हे सांगावं लागत नसे.

ही कुठलीशी नवी पद्धत असं ज्यांना वाटतं, त्यांनी भास्कराचार्यांची ‘लीलावती’ उघडावी. इ.स. ११५० च्या सुमाराच्या त्या ग्रंथात नियम एवढाच: अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकारानं भागा.

तर उत्तर (१/२)क्ष³य⁴. तिनाला तिनानं आणि चाराला दोनानं आधीच भाग दिला तर गुणायला काही उरतच नाही. ही काटाकाटी तिरकस चालते. गुणाकार तिरकस केलात तर ८/९ येतं, आणि ते भागाकाराचं उत्तर आहे.

घातांक गुणायचे नाहीत, मिळवायचे. जो लिहिलेला नसतो तो शून्य नव्हे, एक. सहगुणक अपूर्णांक असला तरी एकपदी एकपदीच राहते. छेदात क्ष आला तर गोष्ट वेगळी. आणि ‘क्ष आणि य विजातीय, त्यांचा गुणाकार कसा होणार?’ या प्रश्नानं डोकं फिरतं. बेरीज एका पदात मावत नाही, गुणाकार खुशाल होतो. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त दोन वेगळ्या अव्यक्तांच्या गुणाकाराला ‘भावित’ असं स्वतंत्र नावच आहे.

उलटी ने-आणही चालते. ‘ऋण ऋण धन’ हा गुणाकाराचा नियम बेरजेत नेऊन −२/३ − ३/४ चं उत्तर धन काढणारे दर वर्षी भेटतात. ते −१७/१२ आहे, आणि लसावि काढायचा तो इथे. नेमका इथेच मुलं काढत नाहीत.