घरात लहान मूल आहे आणि बागेत तळंही हवंय?

काशीतल्या माणसाला पाण्याचं कौतुक सांगायला नको. गंगा तर आहेच, शिवाय दुर्गाकुंड, लोलार्ककुंड, पिशाचमोचन अशी कितीतरी कुंडं गावभर आहेत. १८व्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांच्या काळात ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या आसपास मराठी वस्ती वाढली. तिथल्या गल्ल्यांमध्ये बागेला जागाच नाही. पण आता लंका, महमूरगंजकडे राहायला गेलेल्यांच्या घरामागे थोडी माती असते आणि तिथे कमळाचं छोटं तळं करावंसं वाटतं. त्यात मासे सोडले की मुलंही खूश.

फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्या. भदैनीतल्या लोलार्ककुंडात भाद्रपद शुद्ध षष्ठीला मूल व्हावं म्हणून जोडपी स्नानाला येतात. पायऱ्या उभ्या, गर्दी प्रचंड, म्हणून तिथे त्या दिवशी बॅरिकेड लागतात, पोलीस उभे असतात. तुमच्या घरच्या तळ्यापाशी असं कोणी उभं नसणार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून गेले आणि त्यातली जवळपास पाव संख्या पाच वर्षांखालच्या मुलांची होती. तान्ह्या-रांगत्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून मासे बघताना तोल गेला की ते तोंडावर पडतं आणि त्याला स्वतःहून उठता येत नाही. त्यासाठी तळं खोल असावं लागत नाही, चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. सिनेमात दाखवतात तशी आरडाओरड होत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत असता आणि बाहेर सगळं शांत असतं.

म्हणूनच ‘आम्ही लक्ष ठेवतो’ हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. लक्ष प्रत्येकाचंच हटतं. दारावर कुरिअर येतं, फोन वाजतो. आपली नजर नसतानाही काम करेल असं काहीतरी तिथे हवं.

मूल पाच वर्षांखालचं असेल तर माझं स्पष्ट मत असं, की उघडं तळं सध्या नकोच. खड्डा खणून झाला असेल तर त्यात वाळू भरा, दोन-तीन वर्षं मुलं खेळतील. (रात्री झाकून ठेवा, नाहीतर शेजारची मांजर तिथे वेगळंच काम उरकेल.) पाण्याचा आवाज हवाच असेल तर टाकी जमिनीत पुरा, वर मजबूत जाळी आणि त्यावर गोटे रचा. पाणी गोट्यांतून उसळतं आणि खाली झिरपतं. वर कुठेच साचत नाही.

तळं ठेवायचंच असेल तर वर लोखंडी जाळी बसवा. बाजारात मिळणारी हिरवी प्लास्टिकची जाळी पानं अडवते, मूल नाही. उलट ती खाली झोळीसारखी लोंबते आणि मूल त्यात अडकतं. घट्ट विणीची वेल्डेड जाळी काठाच्या काँक्रीटमध्ये पक्की करा. मोठा माणूस वर उभा राहिला तरी ती पाण्यात वाकता कामा नये. बनारसमध्ये तर माकडंही त्यावर उड्या मारणार आहेतच, म्हणजे परीक्षा आपोआप होईल! कुंपण करणार असाल तर ते किमान चार फूट उंच हवं. गज उभे लावा. आडव्या पट्ट्यांची मुलं शिडी करतात. दोन गजांमधली फट दहा सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. फाटक आपोआप बंद होणारं आणि कडी मुलाच्या हाताला न लागणारी असू द्या. कुंपणाला लागून खुर्ची किंवा कुंडी ठेवू नका.

कुत्र्या-मांजरांची गोष्ट थोडी वेगळी. कुत्र्याला पोहता येतं, पण गुळगुळीत काठावर पंजे टेकत नाहीत आणि ते दमून बुडतं. इथे घाटाची रचना उपयोगी पडते. तळ्याची एक बाजू उभी न ठेवता दोन-तीन रुंद, खरखरीत पायऱ्या करा किंवा विटांचा उतार काढा. आत पडलेलं पिल्लू त्यावरून वर येईल. जाळी असली तरी पिल्लू आत शिरेल अशी फट कुठे नाही ना, तेही बघा. पाण्यावर हिरवट-निळसर साय आली तर कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नका, काही प्रकारचं शेवाळ विषारी असतं. तळ्याकाठी कण्हेर मुळीच लावू नका.

डासांसाठी गप्पी मासे सोडा. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

आता पावसाळ्याचं. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे आणि १९७८च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. अस्सी, नगवा, सामनेघाट भागात राहणाऱ्यांना अंगणात पाणी शिरणं म्हणजे काय ते माहीत आहे. गढूळ पाणी सगळीकडे सारखं दिसतं. तळ्याची कड कुठे सुरू होते ते मोठ्यांनाही कळत नाही. श्रावणाआधीच चारही कोपऱ्यांत उंच बांबू रोवून लाल कापड बांधा आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना, कामाला येणाऱ्या ताईंना तळं कुठे आहे ते दाखवून ठेवा.

आणि एवढं करूनही मूल पाण्यात पडलंच तर? बाहेर काढा, हाक मारा, श्वास बघा. एकाने लगेच ११२ किंवा १०८ला फोन लावायचा. पाणी काढायला मुलाला उलटं धरणं, पोट दाबणं असलं काही करू नका, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग ३० वेळा छाती दाबणं आणि २ श्वास हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवा. सीपीआर वाचून नीट जमत नाही, तळं खणायच्या आधी घरातल्या दोघांनी तरी ते शिकून घ्या. मूल शुद्धीवर येऊन हसायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.