एक वस्तू, दोन रीती

कारखान्यात कारागिराच्या हाती यंत्राच्या भागाचे रेखाचित्र येते. त्यात वस्तूचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे रूप निरनिराळे काढलेले असते. या रीतीला गास्पार माँझ (१७४६–१८१८) या फ्रेंच गणितज्ञाने शास्त्राचे रूप दिले. किल्ले बांधताना ती इतकी उपयोगी पडे, की फ्रेंच सैन्याने ती बरीच वर्षे गुप्त ठेवली. १७९५ साली माँझने पॅरिसमध्ये ती उघडपणे शिकवली.

आता ही दृश्ये कागदावर कोठे मांडायची? येथेच घोटाळा होतो. समजा, वस्तू तुमच्या आणि पडद्याच्या मध्ये आहे. तिचे रूप पलीकडच्या पडद्यावर उमटते. म्हणून वरून दिसणारे दृश्य खाली येते आणि डावीकडून दिसणारे उजवीकडे. ही प्रथम कोन पद्धत. भारतात व युरोपात बहुधा हीच चालते. अमेरिकेत मात्र तृतीय कोन पद्धत आहे. तिच्यात पडदा काचेसारखा तुमच्या आणि वस्तूच्या मध्ये असतो. त्यामुळे वरचे दृश्य वरच राहते. मला हीच अधिक सोपी वाटते. पण सवय ज्याची त्याची!

एका पद्धतीचे चित्र दुसऱ्या पद्धतीने वाचले, तर मागच्या बाजूचे भोक पुढच्या बाजूला पडते. माप अचूक, पण भाग आरशातल्यासारखा उलटा! तो यंत्रात बसत नाही आणि लोखंड वाया जाते. म्हणूनच चित्राच्या कोपऱ्यात छाटलेल्या शंकूचे लहानसे चिन्ह छापतात. जाणता कारागीर आधी ते पाहतो, मग मापे वाचतो.