बिटकॉइन ग्रीन चॅनेलमधून जातच नाही

रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला दारूखाना, त्यापुढे बंदर. गोदीच्या या पट्ट्यात कस्टम म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही: सरकार गेटवर उभं असतं, गेट ओलांडलं की सुटलात. सोन्याच्या बिस्किटांच्या काळातला हा हिशेब आता क्रिप्टोला लावला जातो. आखातातल्या किंवा बोटीवरच्या माणसाला सल्ला मिळतो, 'पगाराचं बिटकॉइन कर, वॉलेटचे बारा शब्द पाठ कर आणि विमानतळावरच्या ग्रीन चॅनेलमधून ये, सरकारला पत्ता लागत नाही.'

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर हा सल्ला मरत नाही. परदेशातून येताना रोख नोटा 5,000 डॉलरपेक्षा जास्त, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून 10,000 डॉलरपेक्षा जास्त असतील, तर कस्टमकडे घोषणापत्र भरावं लागतं. हा नियम परकीय चलनाचा आहे आणि आपल्या कायद्यात क्रिप्टो हे चलन नाही. शिवाय बिटकॉइन खिशात नसतंच. फोनमध्ये किंवा त्या बारा शब्दांत असते ती किल्ली. मालकीची नोंद जगभरच्या संगणकांवरच्या एकाच उघड्या वहीत असते. जे विमानात बसत नाही, ते विमानतळावर कोण अडवणार? पण म्हणून सरकारला दिसत नाही, हा निष्कर्ष कुठून काढतात कोण जाणे. गेट फक्त हललंय. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, विक्रीवर 1 टक्का टीडीएस आहे आणि आता विवरणपत्रात क्रिप्टोचा वेगळा तक्ताही आहे. 7 मार्च 2023 पासून क्रिप्टो एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. केवायसी आणि संशयास्पद व्यवहारांची खबर त्यात आली. 'परदेशी एक्स्चेंज वापरू' म्हणणाऱ्यांनी बायनान्सकडे पाहावं: जून 2024 मध्ये केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागानं तिला 18.82 कोटींचा दंड ठोकला.

यावर हुकमी उत्तर असतं, 'माझं वॉलेट खासगी आहे.' असेना. 2016 मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून चोरलेली नाणी चोरांनी नाना वाटांनी फिरवली, तरी 2022 मध्ये अमेरिकी सरकारनं त्यातली सुमारे 94,000 जप्त केली, कारण वही उघडी होती. मोनेरोसारखं नाणं रक्कम आणि पत्ता खरोखर झाकतं, पण मोनेरोत रे रोडचं घरभाडं भरता येत नाही. रुपये करावेच लागतात. ते अनोळखी माणसाकडून खात्यात घेतले आणि त्याचा पैसा फसवणुकीचा निघाला, तर सायबर पोलीस खातं गोठवतात. मग स्रोत सांगत बसा. वैताग याचा येतो की अनिवासी भारतीयानं परदेशात कमावलेल्या आणि तिथेच घेतलेल्या पगारावर इथे सहसा करच नसतो. बँकेतून सरळ आला असता तो पैसा लपवायच्या नादात संशयास्पद होतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं क्रिप्टोला चलनाचा दर्जा दिला नाही, फक्त बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा देण्यास बंदी घालणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक रद्द केलं. कर घेतला म्हणजे मान्यता दिली असंही होत नाही. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, 30 टक्के पूर्ण नफ्यावर भरावे लागतात.